अमाप ऊर्जा आणि मंगळावरची वस्ती: आपण हे कशावरून धरून चालतो?

शंकेखोर

भविष्याबद्दल गप्पा निघाल्या की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. 'आज ना उद्या फ्यूजन (हलके अणू एकमेकांत मिसळून ऊर्जा काढणं) जमेलच, मग ऊर्जेचा प्रश्न कायमचा मिटला' हे एक, आणि 'माणूस शेवटी पृथ्वीबाहेर जाणारच' हे दुसरं. बोलणारे भाबडे नसतात. एरवी प्रत्येक गोष्टीचा आकडा मागणारी ही माणसं या दोन विधानांपाशी आली की 'होईल का' हा प्रश्न गाळून थेट 'कधी' वर पोचतात.

त्यातून ही दोन आश्वासनं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. अवकाशात जाणं परवडेल, कारण ऊर्जा अमाप असेल. ऊर्जा अमाप असेल, कारण ती अवकाशातून आणू. दोघांनी एकमेकांना जामीन राहून कर्ज काढावं असा हा प्रकार.

पहिली जोडणी तपासून पाहू. एक किलो वस्तू पृथ्वीजवळच्या कक्षेत न्यायची तर तिला सेकंदाला साधारण ७.७ किमी वेग आणि चारेकशे किमी उंची द्यावी लागते. दोन्हीची मिळून ऊर्जा होते सुमारे ३३ मेगाज्यूल, म्हणजे जेमतेम ९ युनिट वीज. ७० किलोच्या माणसासाठी साडेसहाशे युनिटच्या आत. एवढी ऊर्जा आजही कुणाला जड नाही. मग उड्डाण महाग का? तर ती ऊर्जा त्या किलोच्या हातात देण्याची सोय नाही म्हणून. पोकळीत पाय रोवायला काही नसतं, त्यामुळे रॉकेटला मागे फेकायचं वस्तुमान स्वतःच वाहून न्यावं लागतं, ते उचलायला आणखी वस्तुमान लागतं, आणि असंच पुढे. त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये हे समीकरण मांडलं आणि त्यातून अजून कुणाची सुटका झालेली नाही. अपोलो मोहिमांचं सॅटर्न-५ रॉकेट जमिनीवरून निघताना जवळजवळ तीन हजार टनांचं असायचं, चंद्राच्या दिशेने त्यातले पन्नासेक टन जायचे. उद्या जमिनीवर वीज फुकट झाली तरी हे गुणोत्तर तसंच राहील. अलीकडे उड्डाणं स्वस्त झाली त्याचं मोठं कारण म्हणजे रॉकेटचा पहिला टप्पा परत उतरवून पुन्हा वापरता येऊ लागला. इंधनाचा खर्च एकूण खर्चात आधीही किरकोळच होता.

ऊर्जेच्या बाजूला आणखी एक गृहीतक आहे, आणि ते मला जास्त खटकतं. लाकूड, मग कोळसा, मग तेल, मग वायू, मग अणू, मग सूर्य: जणू एकाने जागा रिकामी केली आणि दुसरा येऊन बसला. प्रत्यक्षात जगात कोळशाचा सर्वाधिक वापर झाला तो वाफेच्या इंजिनाच्या काळात नाही, अगदी अलीकडे: २०२४ मध्ये पावणेनऊ अब्ज टनांच्या आसपास, तोवरचा उच्चांक. नवा स्रोत जुन्याच्या डोक्यावर रचला जातो, जुना जात नाही. शिवाय वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे. जगाच्या अंतिम ऊर्जावापरात विजेचा वाटा साधारण एक पंचमांश आहे. पोलादाच्या झोतभट्टीत कोळसा नुसता जळत नाही, तो लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. तिथे फक्त तारा जोडून भागत नाही.

तुमच्या डोक्यातही अशी न तपासलेली गृहीतकं असतील तर इथे मांडा. 'प्रगती कधी थांबत नाही' एवढं एकच उत्तर नको.


काजवा

९ युनिट? दोनदा वाचलं. स्वतः गणित करून पाहिलं, बरोबर आहे. वाचतोय.


उत्तरायण

शंकेखोर, लेख नेटका आहे, पण अशा लेखांचा एक जुना इतिहासही आहे. १९३३ मध्ये अणुकेंद्रक शोधणाऱ्या रदरफर्डसारख्या माणसाने अणूतून ऊर्जा काढण्याच्या गप्पा निरर्थक ठरवल्या होत्या. नऊ वर्षांनी, १९४२ मध्ये, शिकागोत पहिली साखळी अभिक्रिया चालू झाली. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने रॉकेट संशोधक गॉडार्डची चेष्टा केली की पोकळीत रॉकेट चालणार कसं, आणि अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना त्यांनी दुरुस्ती छापली. सौरऊर्जेचं ताजं उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचे अंदाज वर्षानुवर्षं कमी पडत गेले. १९५४ मध्ये बेल लॅब्जचा सिलिकॉन सेल सहा टक्के कार्यक्षम होता आणि लोकांना ते खेळणं वाटत होतं. २०२२ मध्ये जगात एक टेरावॅट सौर क्षमता झाली, आणि पुढचा टेरावॅट दोनच वर्षांत आला.

आणि तुम्ही अवकाश आणि ऊर्जा यांना खोटे जामीनदार म्हणता, पण त्या महागड्या सेलला पहिलं गिऱ्हाईक कुठे मिळालं? १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ उपग्रहावर. उपग्रहांना दुसरा पर्यायच नव्हता म्हणून ते तंत्रज्ञान जगलं. ही जोडणी तर खरी होती ना?


टर्बाइन

फ्यूजनबद्दल दोन शब्द, कारण त्या विषयावर बातम्या फार आणि तपशील कमी असतात. माझं काम वीजनिर्मितीशी संबंधित आहे, फ्यूजनशी नाही, हे आधीच सांगतो.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा लक्ष्यावर सोडली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. हे यश खरं आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण ते लेसर चालवायला विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले होते. म्हणजे भिंतीतल्या प्लगपासून मोजलं तर शंभरातला एक परत आला, तोही उष्णता म्हणून, वीज म्हणून नाही. फ्रान्समधला इटर प्रकल्प ५० मेगावॅट तापवणी देऊन ५०० मेगावॅट फ्यूजन मिळवायचं म्हणतो. तिथेही जनित्र नाही, तो प्रयोगच आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार ड्यूटेरियम-ट्रिटियमचे (हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांचे, म्हणजे खऱ्या इंधनाचे) प्रयोग २०३९ मध्ये.

प्लाझ्मा (फ्यूजनसाठी लागणारा अतितप्त वायू) टिकवणं जमेल यावर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे. माझी अडचण पुढची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: इंधन. 'समुद्राच्या पाण्यातून अमर्याद इंधन' हे ड्यूटेरियमबद्दल खरं आहे. ट्रिटियम निसर्गात नावापुरतं मिळतं आणि त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे साठवून ठेवलं तरी विरतं. जगातला नागरी साठा काही दहा किलोंमध्ये मोजायचा, तोही मुख्यतः जड पाण्याच्या जुन्या अणुभट्ट्यांचं उप-उत्पादन. आणि एक गिगावॅट फ्यूजन शक्ती वर्षभर सलग चालवायला ट्रिटियम लागतं ५५ किलोच्या वर. म्हणजे प्रत्येक संयंत्राने स्वतःचं ट्रिटियम स्वतः पिकवायचं: प्लाझ्माभोवती लिथियमचं आवरण, त्यावर न्यूट्रॉन आदळणार, त्यातून ट्रिटियम. एका अभिक्रियेतून न्यूट्रॉन एकच निघतो. गळती, शोषण, पाइपसाठी सोडलेल्या जागा हे सगळं वजा जाऊन एका जळालेल्या अणूमागे एकाहून जास्त अणू परत मिळायला हवेत. म्हणून त्या आवरणात बेरिलियम किंवा शिसं घालून न्यूट्रॉनांची संख्या वाढवावी लागते. कागदावर हिशोब जुळतो, पण असं पूर्ण आवरण आजवर कुठल्याही यंत्रात चाललेलं नाही.

आणि हे सगळं जमलं तरी शेवटी काय? उष्णतेवर पाणी उकळायचं आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. माझ्या सदस्यनामाला भवितव्य आहे म्हणायचं.


काजवा

शेवटची ओळ :)

पण मग चंद्रावरच्या हेलियम-३ चं (हेलियमचा हलका प्रकार, फ्यूजनचं इंधन म्हणून सुचवतात) काय? त्यात न्यूट्रॉनची कटकट नसते असं ऐकलं आहे. ट्रिटियमही लागत नाही.


गणिती

काजवा, याचं गणित मी एकदा बसून केलं होतं, इथे देतो. चांद्रमातीत हेलियम-३ चं प्रमाण अब्जात काही भाग ते काही दहा भाग. अपोलोने आणलेल्या नमुन्यांवरून हे माहीत आहे. अब्जात १० भाग धरू. म्हणजे एक टन मातीत १० मिलिग्रॅम. ड्यूटेरियम आणि हेलियम-३ च्या एका अभिक्रियेतून १८.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) मिळतात. त्यावरून १० मिलिग्रॅमची ऊर्जा येते सुमारे ५.९ गिगाज्यूल.

चांगल्या दगडी कोळशाच्या एका टनात २४ ते २९ गिगाज्यूल असतात.

म्हणजे चंद्रावरची एक टन माती ही ऊर्जेच्या दृष्टीने पाव टन कोळशाहूनही हलकी. फरक एवढाच की ती पावणेचार लाख किमीवर आहे, आणि वायू सुटायला ती सातशे अंशांपर्यंत तापवावी लागते. जगाची सध्याची ऊर्जेची भूक वर्षाला सुमारे ६०० एक्झाज्यूल. ती पूर्ण यातून भागवायची तर वर्षाला साधारण हजार टन हेलियम-३ हवं, आणि त्यासाठी शंभर अब्ज टन माती उपसायची. शंकेखोरांनी वर दिलेल्या कोळशाच्या आकड्याच्या अकरापट. 'एवढ्याशा वायूत शहरभर वीज' हे वाक्य खोटं नाही, फक्त त्यात मातीचा आकडा गाळलेला असतो.

न्यूट्रॉनबद्दल: त्या मिश्रणात ड्यूटेरियम ड्यूटेरियमशीही भिडतं, आणि त्यातून न्यूट्रॉन निघतातच. कमी निघतात, पण निघतात. शिवाय ही अभिक्रिया घडवायला ट्रिटियमवाल्या अभिक्रियेपेक्षा कितीतरी जास्त तापमान लागतं. सोपं अजून जमलेलं नाही, म्हणून अवघड आधी करू, असा तो युक्तिवाद होतो.


शंकेखोर

गणिती, हे उत्तम. कोळशाशी तुलना माझ्या डोक्यातच आली नव्हती.

उत्तरायण, व्हॅनगार्डचा मुद्दा मान्य, पण त्यातून माझंच म्हणणं पुढे जातं. अवकाशाने सौर सेलला जगवलं ते कारण तिथे माणूस नव्हता. सव्वा-दीड किलोचा गोळा होता आणि त्याला थोडीशी वीज हवी होती.

आता रदरफर्ड आणि गॉडार्ड. 'शंका घेणारे आधीही चुकले होते' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, कारण चुकलेल्या आशावाद्यांची यादी कुणी पाठ करत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस म्हणाले होते की पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावायचं कारण उरणार नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये, चंद्रावर माणूस उतरून महिनाही झाला नव्हता, तेव्हा सॅटर्न-५ घडवणाऱ्या वर्नर फॉन ब्राउनने १९८२ मध्ये मंगळावर माणूस उतरवण्याची योजना मांडली. त्याला रॉकेट कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पुढच्याच वर्षी अपोलोची शेवटची उड्डाणं रद्द झाली, आणि डिसेंबर १९७२ नंतर सगळं थांबलं.

विमानांचं पाहा. १९०३ च्या पहिल्या उड्डाणापासून पन्नासेक वर्षांत प्रवासी जेट आली. तो आलेख सरळ पुढे ओढला असता तर आज दोन तासांत अर्धी पृथ्वी ओलांडायला हवी होती. ध्वनीपेक्षा वेगवान कॉन्कॉर्ड १९७६ मध्ये प्रवासी नेऊ लागलं, २००३ मध्ये बंद झालं, आणि आजची प्रवासी विमानं १९६० च्या दशकातल्या जेटइतक्याच वेगाने उडतात. जास्त सुरक्षित, कमी इंधनात, कमी आवाजात. म्हणजे प्रगती झाली, पण सगळ्यांना अपेक्षित होतं त्या दिशेने नाही. ध्वनीपेक्षा वेगाने जाणं अशक्य ठरलं म्हणून हे झालं नाही. जमत होतं, तरी सोडून दिलं. 'शक्य आहे' आणि 'होईल' यांच्यामधली ही जागा आपण विसरतो.


पेशी

तुम्ही सगळे यंत्रांबद्दल बोलताय. मी शरीराबद्दल लिहिते.

मंगळाचं गृहीतक असं की तिथे हवा नाही, थंडी आहे, पण घुमट बांधला की झालं. घुमट हा सोपा भाग आहे. क्युरिऑसिटी यान मंगळाकडे जाताना त्यातल्या उपकरणाने वाटेतलं प्रारण मोजलं: दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या प्रारणाच्या डोसाचं एकक). जाऊन-येऊन प्रवासाचे मिळून साधारण ६६० होतात, आणि नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीला घातलेली मर्यादा ६०० आहे. पृष्ठभागावरचा मुक्काम वेगळाच. तिथे रोजचा डोस कमी, पण परतीची खिडकी, म्हणजे ग्रहांच्या स्थितीनुसार येणारी उड्डाणाची सोयीची वेळ, उघडायला वर्ष-दीड वर्ष थांबावं लागतं. म्हणजे वस्ती करायची तर जमिनीखाली. पोस्टरवर काचेच्या घुमटातून लाल क्षितिज बघणारं कुटुंब असतं, प्रत्यक्षात ते कुटुंब काही मीटर मातीखाली असेल.

मातीतही परक्लोरेट आहे, अर्धा ते एक टक्का. २००८ मध्ये फीनिक्स यानाला सापडलं. हे क्षार थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत. धुवून काढता येतात, पण मग पाण्याचा हिशोब वाढतो.

वजनरहित अवस्थेत व्यायाम न केल्यास भार पेलणारी हाडं महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावतात. कित्येकांची नजर बदलते, डोळ्याच्या नसेपाशी सूज येते. रशियाचा अंतराळवीर वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये अंतराळात सलग ४३७ दिवस राहून आला, त्यामुळे जाऊन परत येणं जमेल असं मी म्हणते. पण वस्ती म्हणजे जाऊन येणं नव्हे. वस्ती म्हणजे गर्भारपण, बाळंतपण, वाढणारी हाडं. मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. ३८ टक्क्यांत सस्तन प्राण्याचा गर्भ नीट वाढतो का? या प्रश्नाचं उत्तर आज जगात कुणाकडेही नाही. शून्यात काय होतं ते थोडंफार माहीत आहे, एकमध्ये काय होतं ते माहीत आहे. मधली रेघ सरळ आहे की कुठे तुटते हे माहीत नसताना दहा लाखांच्या शहरांचे नकाशे काढले जातात.


रातकिडा

पेशी, जबरदस्त प्रतिसाद.

मी फक्त एवढंच म्हणतो की पृथ्वीवर उल्का आदळली तर? डायनोसॉरांचं झालं तसं? सगळी अंडी... असो, घासून गुळगुळीत झालेली म्हण आहे. पण मुद्दा खराच आहे. दुसरी जागा असायला नको का?


पेशी

असावी, पण ती इथल्याहून बरी तरी असावी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दहाएक किमीचा दगड आदळला. त्यानंतरच्या सर्वांत भीषण वर्षीसुद्धा पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा होती, समुद्र होते, चुंबकीय क्षेत्र होतं, पूर्ण गुरुत्व होतं. सस्तन प्राणी त्यातून तगले, म्हणून आपण इथे लिहितोय. मंगळाच्या सर्वांत चांगल्या दिवशी यातलं काहीच नसतं. हवेचा दाब इथल्या एक टक्क्याहूनही कमी. जमिनीखाली बंदिस्त वस्ती मंगळावर जमत असेल तर तीच इथे बांधणं कितीतरी सोपं.

आणि बंदिस्त वस्तीचं म्हणाल तर ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ ची गोष्ट प्रत्येक मंगळप्रेमीने वाचावी. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ जण आत गेले, सव्वा हेक्टरवर, दोन वर्षांसाठी. जंगल, शेत, छोटा समुद्र, सगळं आत. सोळाएक महिन्यांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ च्या आसपास उतरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. तो गेला कुठे? समृद्ध मातीतले सूक्ष्मजीव तो वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि तो वायू इमारतीचं ताजं काँक्रीट शोषून घेत होतं. त्यामुळे झाडांनाही तो परत मिळेना. कुठल्याच आराखड्यात काँक्रीटला श्वसनसंस्थेत धरलेलं नव्हतं. तिथे बाहेरून ऑक्सिजन आणता आला. मंगळावर पुढची खिडकी २६ महिन्यांनी.


ताळेबंद

थोडं लोकसंख्येचं. 'पृथ्वीवरची गर्दी कमी करायला' असं म्हणणारेही भेटतात. जगाची लोकसंख्या सध्या वर्षाला सुमारे सात कोटींनी वाढते, म्हणजे रोज दोन लाखांच्या आसपास. नुसती वाढ थोपवायची तर रोज दोन लाख माणसं वर पाठवायची. आजवरच्या इतिहासात अवकाशात गेलेली एकूण माणसं हजाराच्याही आत आहेत. पुढे बोलायला नको.


उत्तरायण

लोकसंख्येचा मुद्दा कुणीही गंभीर माणूस मांडत नाही, तो सोडून द्या.

पण पेशींचे मुद्दे मला गंभीरपणे घ्यावे लागतील. तरी माझी एक तक्रार आहे. तुम्ही सगळे आजच्या तंत्रावर उद्याला तोलताय. फ्यूजन किंवा अणुइंजिन अवकाशातच वापरलं तर प्रवास सहा-नऊ महिन्यांवरून दोन-तीनवर येईल, प्रारणाचा डोस आपोआप घटेल. अणुइंजिन ही कल्पित गोष्ट नाही. १९६० च्या दशकात नर्व्हा प्रकल्पात अशी इंजिनं जमिनीवर चालवून पाहिली होती, आणि त्याच वजनाच्या इंधनातून रासायनिक इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट काम निघत होतं. १९७३ मध्ये पैसे बंद झाले म्हणून ते थांबलं. निसर्गनियमाने नाही, अंदाजपत्रकाने थांबवलं.

शिवाय कक्षेतल्या सौरऊर्जेबद्दल अजून कुणी बोललेलं नाही. तिथे रात्र नाही, ढग नाहीत, चौरस मीटरला १३६१ वॅट जवळजवळ अखंड.


टर्बाइन

उत्तरायण, अणुइंजिनाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. मंगळावर माणूस जाऊन परत येणार असेल तर फिशनच, म्हणजे आजच्या अणुभट्ट्यांसारखं अणू फोडणं, त्याला नेईल असं माझं मत आहे. फ्यूजनची वाट बघत बसण्यापेक्षा तेच करावं.

तिथल्या मुक्कामालाही फिशनच हवं. परतीचं इंधन तिथेच बनवायचं म्हणतात, मिथेन आणि ऑक्सिजन, मंगळाच्या हवेतून आणि बर्फातून. समजा हजार टन इंधन लागेल. त्यात मिथेन सव्वादोनशे टनांच्या आत-बाहेर. त्याची रासायनिक ऊर्जा बारा हजार गिगाज्यूल. प्रक्रियेची कार्यक्षमता निम्मी धरली, तीही सढळ हाताने, तर २६ महिने अहोरात्र साडेतीनशे किलोवॅट हवेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे सगळे सौर पंख मिळून सरासरी शंभरेक किलोवॅट देतात, आणि मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्केच. वर धुळीची वादळं. २०१८ च्या वादळाने सौरऊर्जेवर चालणारी ऑपॉर्च्युनिटी ही मंगळावरची बग्गी कायमची गप्प झाली. मंगळावर आजवर बनवलेला ऑक्सिजन किती, तर पर्सिव्हिअरन्स बग्गीवरच्या मॉक्सी उपकरणाने सोळा वेळा चालून मिळून १२२ ग्रॅम. यंत्र अपेक्षेप्रमाणे उत्तम चाललं. पण ग्रॅम ते शेकडो टन हा रस्ता अजून जायचा आहे.

कक्षेतली सौरऊर्जा: पीटर ग्लेझरने १९६८ मध्ये मांडली. भौतिकशास्त्रात बसते. २०२३ मध्ये कॅलटेकच्या प्रयोगाने कक्षेत बिनतारी वीज पाठवून दाखवली, अगदी थोडी. घोडं अडतं ते सूक्ष्मलहरींच्या फैलावण्यापाशी. भूस्थिर कक्षेतून १२ सेंटिमीटरची लहर पाठवायची तर वर एक किमीचा ॲन्टेना आणि खाली ती झेलायला दहा किमीहून मोठा ॲन्टेना लागतो. हे माप छोटं करता येत नाही, तिथे हुशारी चालत नाही. म्हणजे छोट्यापासून सुरुवात करून शिकत जाणं, जे सौर पॅनेलांना जमलं, ते इथे जमत नाही. पहिलंच संयंत्र महाकाय. आणि एवढी जागा खाली मोकळी असेल तर तिथे साधी पॅनेल आणि बॅटऱ्याच का टाकू नयेत, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.


काजवा

मग हल्ली ते डेटा सेंटर अवकाशात नेणार म्हणतात? तिथे थंड असतं म्हणून?


टर्बाइन

काजवा, हे सगळ्यात लाडकं गृहीतक! अवकाश 'थंड' आहे, पण थंड करत नाही. पोकळीत हवा नाही, पाणी नाही, उष्णता फक्त प्रारणाने जाते. १०० मेगावॅटची उष्णता साधारण ५५-६० अंशांवर बाहेर टाकायची तर दोन्ही बाजूंनी उत्सर्जन करणारे सात-साडेसात हेक्टरचे रेडिएटर हवेत, तेही आदर्श स्थितीत. अशक्य म्हणत नाही. सौर पॅनेलांना त्याहून जास्त जागा लागेल. पण 'फुकटचं शीतकरण' म्हणून जे विकलं जातं ते नाही.


गणिती

मला मूळ गृहीतकाकडे जायचं आहे: ऊर्जेची गरज वाढतच जाणार आणि ती भागवली पाहिजे, हे आपण सगळ्यांनीच न बोलता मान्य केलं आहे.

आज माणसाचा ऊर्जावापर सरासरी १९-२० टेरावॅट. वर्षाला २.३ टक्के वाढ धरा, कुठलाही अर्थमंत्री याला फार म्हणणार नाही. शंभर वर्षांत दहापट होते. म्हणजे २००, २०००, २०,०००, आणि चारशे वर्षांनी दोन लाख टेरावॅट. पृथ्वीवर पडणारा एकूण सूर्यप्रकाश आहे एक लाख ७४ हजार टेरावॅट. वापरलेली ऊर्जा शेवटी उष्णताच होते, मग ती कोळशाची असो की स्वच्छ, निर्दोष फ्यूजनची. म्हणजे चारशे वर्षांनी आपण पृथ्वीवर दुसरा सूर्य पेटवल्यासारखं होईल, आणि समुद्र उकळायच्या बेताला येतील. कार्बनचा यात संबंधच नाही. ही नुसती भट्टीची ऊब आहे.

तेव्हा 'अमाप ऊर्जा' पृथ्वीवर वापरता येत नाही. मिळाली तरी.

यावर लगेच उत्तर येतं, 'म्हणूनच तर बाहेर जायचं'. ठीक. त्याच वेगाने वाढत गेलो तर सुमारे तेराशे वर्षांनी सूर्याची सगळीच्या सगळी शक्ती लागेल. मग पुढचा तारा. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किमीने चाललंय, सर्वांत जवळच्या ताऱ्याइतकं अंतर कापायला त्याला पाऊण लाख वर्षं. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने हजार टनांचं जहाज न्यायचं म्हटलं, तर एकही ज्यूल वाया न घालवता नुसती गतिज ऊर्जा होते ४५० एक्झाज्यूल. आजच्या जगाच्या वार्षिक वापराच्या तीन चतुर्थांश, एका जहाजाला, आणि थांबायचा खर्च वेगळा. सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ कार्दाशेव्हने १९६४ मध्ये संस्कृतींची ऊर्जेवरून प्रतवारी लावली तेव्हापासून आपण जास्त ऊर्जा म्हणजे जास्त प्रगत असंच मोजत आलोय. एलईडी दिवा जुन्या बल्बपेक्षा मागासलेला आहे का?


रातकिडा

धागा वाचून झोप उडाली. +१ गणिती.


उत्तरायण

गणिती, तेराशे वर्षांच्या घातांकी वाढीने कुठलीही गोष्ट हास्यास्पद करता येते. वाढ कुठेतरी सपाट होणार हे उघड आहे. पण सपाट होईपर्यंतच्या दोनशे वर्षांत खूप काही बसतं, आणि आज जगातल्या निम्म्या लोकांच्या वाट्याला पुरेशी ऊर्जा येत नाही. 'गरज वाढते हे गृहीतकच तपासा' हे ज्यांना पोटभर मिळालंय त्यांनी म्हणणं सोपं आहे.

आता माझा एकच प्रश्न, शंकेखोरांना. नुसती शंका कुणीही घेईल. काय घडलं तर तुमचं मत बदलेल?


शंकेखोर

निम्म्या लोकांचा मुद्दा बिनशर्त मान्य. त्यांना हवी आहे ती ऊर्जा आज उपलब्ध असलेल्या स्रोतांतूनच द्यावी लागेल, २०३९ च्या प्रयोगाची वाट बघायला सांगून नाही. 'फ्यूजन येतंय' हे वाक्य मला खटकतं ते त्यामुळेच. ते आजचं काम पुढे ढकलायला फार सोयीचं पडतं.

मत कशाने बदलेल? एखादं फ्यूजन संयंत्र वर्षभर वीज विकेल आणि वर्षाअखेरीस त्याच्याकडे सुरुवातीपेक्षा जास्त ट्रिटियम असेल. माणसांचा एक गट पृथ्वीवरच बंद जागेत चार-पाच वर्षं राहील, बाहेरून ना हवा, ना अन्न, ना सुटे भाग. आणि ३८ टक्के गुरुत्वात उंदरांच्या तीनेक पिढ्या धडधाकट जन्मतील. तीनही झालं तर मंगळाच्या शहराबद्दल मी तोंड उघडणार नाही.


पेशी

तिसऱ्या अटीबद्दल एक माहिती. हे तपासायला अवकाश स्थानकावर एक मोठं सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून कृत्रिम गुरुत्व निर्माण करणारं यंत्र) जाणार होतं. उंदरांना शून्य ते एकच्या मधल्या गुरुत्वात ठेवून बघायचं, हाच त्याचा उद्देश. जपानमध्ये त्याचं काम बरंच पुढे गेलं होतं, २००५ मध्ये रद्द केलं, खर्च आणि शटलची उड्डाणं कमी पडली म्हणून. पुढे जपानने लहान यंत्रावर उंदरांचे काही प्रयोग केले, काही आठवड्यांचे, तेही प्रौढ उंदरांवर. अनेक पिढ्यांचा प्रयोग अजून बाकीच आहे.


उत्तरायण

म्हणजे तिन्ही अटींत सर्वांत स्वस्त तीच, आणि नेमकी तीच कुणी हातात घेत नाही. त्यावर मी भांडणार नाही, उलट मंगळवाल्यांनीच ती आधी मागायला हवी.

पहिल्या अटीवर मात्र भांडणार. ट्रिटियमशिवायही मार्ग आहेत, हायड्रोजन-बोरॉनवर काम चालू आहे. टर्बाइन, तापमानाचा मुद्दा काढण्याआधी थोडं थांबा, त्यावर वेगळा धागा काढतो.